पोसादाचे सांगाडे : जस्ताच्या पत्र्यावर रेषा टिकत नाहीत, मदत हवी आहे

होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) या मेक्सिकन मुद्राचित्रकाराच्या पद्धतीने उठावाची छपाई (वर उरलेल्या भागाला शाई लावून छापणं) करायची आहे. त्याचे बरेच सांगाडे कोरलेले आहेत, ते लिनोवर (कोरायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर) बऱ्यापैकी साधतात. अडतंय ते ‘कात्रिना’पाशी. पिसांची मोठी टोपी घातलेली ती कवटी जस्ताच्या पत्र्यावरची आहे. आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने चित्र काढायचं, मग आम्ल मोकळी जागा खातं आणि रेषा वर उरतात. पिसांच्या त्या सैल, लेखणीसारख्या रेषा कोरून येतच नाहीत, आणि त्या बाईचा सगळा तोरा त्यातच आहे!

नायट्रिक आम्ल घरात आणायचं नाही, म्हणून मोरचूद आणि मीठ पाण्यात विरघळवून वापरतो. पत्रा खाल्ला जातो, तांबूस गाळ ब्रशने झटकत राहतो. पत्र्याची मागची बाजू टेपने झाकलेली असते, पत्रा आधी खडूच्या पुडीने घासून तेलकटपणा काढतो. पर्मनंट मार्करच्या रेषा मात्र अर्ध्यातच सुटतात. डांबराचं वार्निश टिकतं, पण टाकातून उतरत नाही. टर्पेंटाइनने पातळ केलं की पसरतं.

प्रेस नाही, चमच्याने घासून छापतो. त्यामुळे पत्रा बऱ्यापैकी खोल खाल्ला जावा लागतो, आणि तेवढं खाऊ दिलं की बारीक रेषा बाजूने पोखरल्या जातात.

टाकातून वाहील आणि मोरचुदात तासभर टिकेल असं काय वापरता? आणि रेषांच्या कडा मध्येच पुन्हा कशा झाकता?