थोरांच्या सह्यांची पत्रे: घरात ठेवावीत, विकावीत की संस्थेला द्यावीत?

वर्धाकाठ (आर्वी तालुका)

आमचे आजोबा, ज्यांना आम्ही सगळी नातवंडे आबाजी म्हणत असू, गावातल्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. तिच्यात चाळीसेक पत्रे, सहा सही केलेली छायाचित्रे आणि एक सह्यांची वही आहे. मागच्या महिन्यात नागपूरहून एक खरेदीदार घरी आले. त्यांनी एकही पत्र वाचले नाही. प्रत्येक पत्र उलटून खालची सही तेवढी पाहिली आणि ज्याची सही ओळखीची वाटली त्याचाच भाव सांगितला. आम्हा भावंडांत त्यावरून मतभेद झाले आहेत, म्हणून हा विषय इथे मांडत आहे.

माझे मत स्पष्ट आहे. ही पत्रे विकू नयेत, आणि सहीसाठी पत्र जपणे ही मुळातच चुकीची सवय आहे. त्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड आहे. भूदान चळवळीतील एका मोठ्या माणसाने आबाजींच्या पत्राला दिलेले ते उत्तर आहे. गावात श्रमदानाने विहीर खोदावी की नाही, याबद्दल आबाजींनी त्यांना विचारले होते. आमच्या एका नातेवाइकाने पन्नासेक वर्षांपूर्वी त्या पोस्टकार्डाची सही ब्लेडने चौकोनी कापून घेतली आणि ती आपल्या वहीत चिकटवली. सहीबरोबर शेवटची ओळ अर्धी कापली गेली, आणि मागच्या बाजूचा पत्ता व टपालाचा शिक्काही अर्धाच उरला. आज त्या कार्डाकडे पाहिले की चार ओळी, खाली तुटलेली पाचवी ओळ आणि मग एक भोक दिसते. पत्र लिहिणाऱ्याचे नाव मी इथे देत नाही, कारण सही गेल्यामुळे ते त्यांचेच आहे हे मला दाखवता येत नाही. आणि ज्यांच्याकडे सही आहे त्यांना ती कोणाला, कशाबद्दल लिहिलेल्या पत्राखाली होती हे सांगता येत नाही. कापणाऱ्याच्या हाती नाव आले आणि आमच्या हातून पत्र गेले.

पत्त्याची बाजू किती बोलते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, पण तिथले टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावकडे जाऊ लागले. या घोटाळ्यामुळे १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. एखाद्या तारीख नसलेल्या पाकिटावर सेगाव लिहिले आहे की सेवाग्राम, एवढ्यावरूनही त्याचा काळ ताडता येतो. सही कापणाऱ्याला याची गरज वाटत नाही. सहीच सर्वांत मोठी मानली, तर ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्या गाडगेबाबांना अशा संग्रहात जागाच उरत नाही, आणि विदर्भात त्यांच्याइतकी माणसे जोडणारा दुसरा माणूस शोधून सापडणार नाही.

माझ्या मते सगळी पत्रे एकत्र, अखंड, एखाद्या सार्वजनिक संस्थेला द्यावीत आणि त्यांच्या चांगल्या प्रती गावच्या वाचनालयात ठेवाव्यात.

मूर्तिजापूरकर

भाऊ, सही कापणाऱ्याचा राग मला तुमच्याइतकाच येतो, पण त्यावरून तुम्ही सगळ्या संग्राहकांना एका रांगेत उभे केले आहे, ते मला मान्य नाही. मी तीस वर्षांपासून पत्रे आणि सही केलेली छायाचित्रे जमवतो. माझ्याकडची निम्म्याहून अधिक पत्रे रद्दीच्या दुकानातून आलेली आहेत. गुरुजी वारले, मुले पुण्याला गेली, वाडा विकला आणि ट्रंक किलोच्या भावाने गेली, हा क्रम मी वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत पाहिला आहे. त्या वेळी वाचनालयातून कोणी आले नव्हते. मी गेलो होतो. ज्या वस्तूला भाव आहे ती फेकण्याआधी माणूस दोनदा विचार करतो, आणि ज्या वस्तूला भाव नाही तिच्यात भज्यांचे पुडे बांधले जातात.

पैसा आला की पावित्र्य गेले, असे तुम्ही गृहीत धरले आहे. खुद्द गांधीजी हरिजन फंडासाठी सहीचे पाच रुपये घेत असत. म्हणजे सहीला मोल असावे याची त्यांना लाज वाटत नव्हती.

दुसरी गोष्ट तुमच्या सहा छायाचित्रांबद्दल सांगतो, कारण त्यांच्याबाबत घरोघरी फसगत होते. नट, पुढारी, खेळाडू यांच्याकडून टपालाने येणाऱ्या छायाचित्रांवरची सही पुष्कळदा मूळ प्रतीवर एकदाच केलेली असते आणि मग तिच्यासकट शेकडो प्रती छापल्या जातात. छायाचित्र उजेडात तिरके धरा आणि भिंगाने पाहा. हाताने केलेली शाई चकाकीच्या वर बसलेली दिसते, रेघ जिथे रेघेला ओलांडते तिथे ती गडद होते आणि बॉलपेन असेल तर कागदावर दाब उमटतो. छापलेली सही छायाचित्राच्या आतच असते, तिला वेगळी चमक नसते. परदेशात, विशेषतः अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात, सही करणारे यंत्रही वापरले गेले आहे. दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या तर संशय घ्यावा, कारण माणसाचा हात तीच सही हुबेहूब पुन्हा करत नाही. हे ज्ञान संग्राहकांनी पदरचे पैसे घालवून मिळवले आहे. मी स्वतः १९६२ चे म्हणून एक पोस्टकार्ड मोठ्या किमतीला घेतले होते. घरी आल्यावर पाहिले तर पत्त्याखाली पिनकोडचे सहा चौकोन छापलेले होते, आणि पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला.

कास्तकार, घाटंजी

दोघांचेही वाचले. मला वाटते की प्रश्न पत्रांचा जितका आहे तितकाच तो ज्याच्या घरात ती पत्रे आहेत त्याच्याही परिस्थितीचा आहे. आमच्याकडे कापसाला लागलेला खर्च निघेलच याची दर वर्षी खात्री नसते. अशा घरात एका कागदाच्या पैशात मुलीच्या वसतिगृहाची फी भरली जाणार असेल, तर कागद विकू नका असे सांगण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही आणि इतिहासालाही नाही.

शिवाय ज्या सार्वजनिक संस्थेवर वर्धाकाठ भाऊंचा इतका विश्वास आहे, तिचा अनुभव मला आहे. माझ्या वडिलांनी आमच्या मोठ्या बाबांचे कागद एका संस्थेला दिले. त्यांत स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांची पत्रे होती. शाल दिली, नारळ दिला, वर्तमानपत्रात फोटो आला, पण पोच दिली नाही. बारा वर्षांनी मी पाहायला गेलो तेव्हा आमचे कागद कोणत्या कपाटात आहेत हे तिथल्या कोणालाही सांगता आले नाही. एका बंद खोलीच्या कोपऱ्यात कापडी गठ्ठे होते आणि त्यांना उधई लागलेली होती. विकले असते तर निदान ते कोणाच्या घरी आहेत हे तरी आम्हाला ठाऊक असते.

वर्धाकाठ (आर्वी तालुका)

दादा, तुमच्या घरावर आलेल्या प्रसंगापुढे माझा युक्तिवाद तोकडा पडतो, हे मी मान्य करतो. गरजेपोटी विकणाऱ्याला मी दोष देत नाही. आमच्या घरात मात्र तशी गरज नाही; आमच्याकडे फक्त भाव ऐकून मन चळले आहे, आणि माझे म्हणणे त्या मन चळण्याविरुद्ध आहे.

मूर्तिजापूरकर सरांच्या पाच रुपयांच्या दाखल्याशी मी सहमत नाही. ते पैसे सही करणाऱ्याने मागितले आणि ते हरिजन सेवेच्या कामाला गेले. पुढे कधीतरी ती सही दुसऱ्याला विकणाऱ्याने त्या दाखल्याचा आधार घेऊ नये. गांधीजींच्याच पत्रांचे दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत १०० खंड झाले, त्या कामाला १९५६ मध्ये सुरुवात झाली, आणि त्यांतली असंख्य पत्रे ज्यांना आली होती त्या साध्यासुध्या माणसांकडून मिळाली आहेत. त्यांनी ती फ्रेममध्ये न अडकवता, लिलावात न देता नकलेसाठी पुढे केली म्हणून आज आपण ती वाचतो. याउलट गांधीजींचे मित्र कॅलनबाख यांच्याकडची कागदपत्रे २०१२ मध्ये लंडनच्या लिलावात जाण्याच्या बेतात होती, आणि ती भारतात आणण्यासाठी सरकारला सुमारे सात लाख पौंड मोजावे लागले.

निवृत्त ग्रंथपाल, अचलपूर

माझी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे घाटंजीच्या भाऊंनी लिहिलेला प्रकार वाचून मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. संस्थेला देणे आणि संस्थेत टाकून येणे यांत फरक आहे. देताना प्रत्येक पत्राची यादी करावी: कोणाचे, कोणाला, तारीख, किती पाने, सही आहे की नाही, कुठे फाटले आहे. यादीच्या दोन प्रती करून दोन्हींवर संस्थेची सही व शिक्का घ्यावा. दानपत्रात स्पष्ट लिहावे की संग्रह फोडला जाणार नाही, विकला जाणार नाही, आणि कुटुंबाला व अभ्यासकांना तो पाहता येईल. एवढे लिहून देण्यास जी संस्था तयार नसेल तिला एकही कागद देऊ नये. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागदपत्रेही स्वीकारते, आणि राज्याच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय नागपुरात आहे. आधी तिथे जाऊन कपाटे पाहावीत, मग ठरवावे.

नागपूरजवळच्या चिचोलीला बाबासाहेबांच्या वापरातले कपडे, टंकलेखन यंत्र आणि इतर वस्तू आहेत. श्रद्धेने जपलेल्या त्या वस्तूही काळाने जीर्ण होऊ लागल्या होत्या आणि त्यांच्यावर तज्ज्ञांकडून रासायनिक प्रक्रिया करून घ्यावी लागली. श्रद्धेला शास्त्राची जोड लागते, हे मी तिथे शिकले.

निर्णय होईपर्यंत एक काम मात्र आजच करा. पत्रे पत्र्याच्या ट्रंकेतून आणि माळ्यावरून खाली काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात तिथेच ओल येते. कागद या दोन्हींनी कडक होऊन तुटतो. लॅमिनेशन कधीही करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा होऊन शाई ओढतो. टाचण्या आणि पिना काढून टाका, गंजाचे डाग त्यांचेच असतात. फाउंटन पेनची शाई उन्हाने उडते, म्हणून मूळ पत्र भिंतीवर टांगू नका. टांगायची तर प्रत टांगा. छायाचित्राच्या मागे काही लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा.

मूर्तिजापूरकर सरांना एक आठवण करून देते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेले, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित वा कागदपत्र हे पुरावस्तूत मोडते. असे कागद खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. आणि पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे व नंतर त्याच्या वारसांकडे राहतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

मूर्तिजापूरकर

ताई, कायदा मला ठाऊक आहे आणि मी देशाबाहेर काही पाठवलेले नाही. तरीही एका मुद्द्यावर मी ठाम आहे. संग्राहक असणे म्हणजे केवळ मालकी नव्हे. खेड्यातल्या मुलाने मोठ्या माणसाला पत्र लिहावे आणि त्याचे उत्तर यावे, यात त्या मुलाचे जग मोठे होण्याची ताकद असते. हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे तरुणपणी चित्रपटांची परीक्षणे लिहीत, आणि ग्रेटा गार्बो व नॉर्मा शिअरर या हॉलिवूडच्या अभिनेत्रींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे त्यांनी वरोऱ्याला जे आनंदवन उभे केले ते वेगळे, पण लांबच्या माणसाला बेधडक पत्र लिहिण्याची ती हिंमत मला त्यांच्या कामातही दिसते. म्हणून सह्या गोळा करणाऱ्या मुलांना तुच्छ लेखू नका. वर्धाकाठ भाऊंची हरकत नसेल तर मी येत्या रविवारी आर्वीला येतो. खरेदीसाठी नव्हे, सहा छायाचित्रांवरच्या सह्या भिंगाखाली पाहून देतो.

वर्धाकाठ (आर्वी तालुका)

सर येऊन गेले. सहापैकी चार छायाचित्रांवरची सही छापलेली निघाली, दोन हाताच्या आहेत. त्यांच्या येण्याआधी मी पुलगावच्या आत्याबाईंना फोन केला होता, कारण सही कापणारे ते नातेवाईक म्हणजे त्यांचे यजमान होते. त्या स्वतः ती वही घेऊन आल्या. कापलेला चौकोन वहीच्या पानावर डिंकाने घट्ट बसला आहे. सर तो सोडवू म्हणाले, पण ताईंनी इथे लिहिलेले आठवून आम्ही त्याला हात लावला नाही. फक्त पोस्टकार्ड वहीवर असे ठेवले की भोक बरोबर त्या चौकोनावर यावे. शेवटच्या ओळीचे वरचे अर्धे शब्द कार्डावर होते आणि खालचे अर्धे सहीच्या वर, त्या चौकोनात होते. दोन्ही जुळल्यावर ओळ वाचता आली. ती विहिरीबद्दल नव्हती. आबाजींच्या आई त्या वेळी अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांची प्रकृती आता कशी आहे, अशी विचारणा होती.

आत्याबाईंनी वही आमच्याकडेच ठेवली आहे. यादीत आता पत्र क्रमांक सतरा आणि वहीचे पान नऊ यांची नोंद एकत्र केली आहे. नागपूरच्या कार्यालयात पुढच्या आठवड्यात दोघे भाऊ जात आहोत. खरेदीदारांना नाही म्हणून कळवले आहे.