उद्या स्लॅबची सळई चेकिंग. आधी काय बघू?

प्रश्न: साइटवर माझा तिसराच महिना. उद्या १० वाजता कन्सल्टंट येणार. फिटर (सळई बांधणारा) म्हणतो, "साहेब, सगळं ओके." मला झोप नाही.

उत्तर १: फिटरचं ओके म्हणजे घरी जायची घाई! आत्ताच ड्रॉइंग आणि टेप घेऊन वर चढ. बीमच्या रिंगांचे (उभ्या-आडव्या सळयांभोवती बांधलेल्या चौकटींचे) हूक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. आमच्याकडे ९० वरच सोडलेले सापडले, रात्रभर वाकवत बसलो.

उत्तर २: स्लॅबला कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर, साधारण २० मिमी. हे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले असतील तर काढायला लाव. आणि बाल्कनीच्या वरच्या सळईवर उभा राहून बघ. दबली तर खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार) कमी आहेत.

प्रश्नकर्ता: उभा राहिलो. दबली! फिटर आता खुर्च्या वाकवतोय, माझ्याशी बोलत नाही.