स्टुडंट अफेअर्समध्ये मास्टर्स: असिस्टंटशिपसाठी अर्ज कसा करायचा?

माळावरची

नमस्कार मंडळी. पुढच्या फॉलसाठी (ऑगस्टमध्ये सुरू होणारं सत्र) अमेरिकेत स्टुडंट अफेअर्समध्ये मास्टर्स करायचा विचार आहे. घरी "म्हणजे नक्की काय शिकणार?" इथेच गाडी अडते, म्हणून इथेही सांगून टाकते. वर्गातलं शिकवणं सोडून कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी जे जे चालतं, म्हणजे होस्टेल, ओरिएंटेशन, करिअर सेल, क्लब, शिस्तभंगाच्या चौकश्या, ते सगळं चालवण्याचं शिक्षण.

माझं बीए मानसशास्त्र, मग एमएसडब्ल्यू. सध्या पुण्यात एका कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात आहे. एनएसएसची शिबिरं, 'कमवा आणि शिका'च्या मुलांची हजेरी आणि मानधन, मुलींच्या होस्टेलवर रेक्टर मॅडम रजेवर गेल्या की त्यांची जागा.

पूर्ण फीचं कर्ज काढायची ऐपत नाही. असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करायचं, बदल्यात ट्युशनमध्ये माफी आणि स्टायपेंड) मिळाली तरच जायचं. ती प्रवेशासोबत आपोआप मिळते की वेगळा अर्ज करावा लागतो? इथला अनुभव तिथे कोणी मोजतं का? आणि ऑफर आलीच तर त्यात काय काय बघायचं?

वसतिगृहवासी

ओहायोच्या आसपासच्या एका सरकारी विद्यापीठात याच विषयात मास्टर्स केलं. दोन्ही वर्षं होस्टेलवर जीए (ग्रॅज्युएट असिस्टंट) होते, आता याच क्षेत्रात नोकरी. जमेल तेवढं लिहिते.

प्रवेश देतो तो विभाग. असिस्टंटशिप देतं ते ऑफिस, ज्याला कामाला माणूस हवा असतो: रेसिडेन्स लाइफ (म्हणजे होस्टेल), ओरिएंटेशन, ॲकॅडमिक ॲडव्हायजिंग (विषय निवडायला सल्ला), करिअर सेंटर, स्टुडंट कंडक्ट वगैरे. बहुतेक ठिकाणी अर्ज वेगळे, मुलाखती वेगळ्या. प्रवेशाच्या तारखा साधारण डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखतींचे दिवस, त्यात एकामागून एक चार-पाच ऑफिसं तुम्हाला भेटतात आणि शेवटी दोन्ही बाजू पसंतीक्रम देतात. बोलिंग ग्रीन, मायामी (ओहायोतलं, फ्लोरिडातलं नव्हे), इंडियाना, मिशिगन स्टेट, जॉर्जिया, व्हरमाँट हे या विषयातले जुने, नावाजलेले प्रोग्रॅम. यादी करताना रँकिंग बघत बसू नका. प्रोग्रॅमच्या डायरेक्टरला एकच ईमेल करा: "गेल्या दोन वर्षांत तुमच्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना जीए मिळाली?" सरळ उत्तर आलं तर ते विद्यापीठ यादीत. गोलमोल आलं तर खाली.

अनुभवाचं म्हणाल तर तुमच्याकडे भरपूर आहे, फक्त तो तिथल्या माणसाला कळेल असा लिहा. 'एनएसएस प्रोग्रॅमचं काम पाहिलं' यातून कुणाला काही कळत नाही. सात दिवसांचं निवासी शिबिर, गावात इतके विद्यार्थी, जेवण-मुक्काम-बजेट माझ्याकडे, एक मुलगी आजारी पडली तेव्हा रात्री काय केलं, हे लिहा. 'कमवा आणि शिका' तर सोनं आहे. विद्यार्थी कामगारांना कामावर घेणं, वेळापत्रक लावणं, मानधन काढणं, म्हणजेच स्टुडंट एम्प्लॉयी सुपरव्हिजन. निम्म्या जीए जाहिरातींत नेमकं हेच मागितलेलं असतं. एसीपीए आणि नास्पा या दोन संघटनांनी २०१५ मध्ये या व्यवसायासाठी १० क्षमता ठरवल्या आहेत. ती यादी उघडा आणि प्रत्येक क्षमतेसमोर आपल्या कामातला एकेक प्रसंग लिहून काढा. मुलाखतीतले निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आणि परदेशी आहोत म्हणून फक्त इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला अर्ज करू नका. सगळे तेच करतात आणि तिथे जागा एखाद-दुसरीच असते. होस्टेलच्या जागा सगळ्यात जास्त, त्यात खोली आणि बहुधा जेवणही. पण बदल्यात झोप जाते. ड्युटी फोन तुमच्याकडे असताना रात्री दोनला फायर अलार्म, कुणी पिऊन पडलेलं, रूममेटची भांडणं. हे ज्याला झेपतं त्याला ते आवडतंही, मला आवडलं. नसेल झेपत तर ॲडव्हायजिंग बघा.

कट्टेकरी

अवांतर: नास्पाची मुळं १९१९ सालच्या विस्कॉन्सिनमधल्या डीन लोकांच्या बैठकीत आहेत, आणि कर्मवीरांनी काले गावात रयत शिक्षण संस्था काढली तीही १९१९ मध्येच. तुमच्या एसओपीला (अर्जासोबतच्या निबंधाला) सुरुवात मिळाली, चहा पाजा!

विषयाला धरून: मल्टिकल्चरल सेंटरच्या जीए बघत असाल तर राज्य बघा. टेक्ससमध्ये २०२४ च्या जानेवारीपासून सरकारी विद्यापीठांत डीईआय (विविधता, समता, समावेशन) ऑफिसं कायद्याने बंद आहेत, इतर काही राज्यांतही तसे कायदे आलेत. जुन्या पीडीएफवर विसंबून राहू नका.

हिशेबनीस

ऑफर लेटरबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी.

'ट्युशन वेव्हर' (ट्युशनची माफी) दिसला की लोक नाचायला लागतात. पूर्ण की अर्धा, राज्याबाहेरचा दरही माफ आहे का, आणि फी? ट्युशन आणि फी हे तिथे दोन वेगळे आकडे असतात आणि फी बहुधा तुम्हालाच भरावी लागते. हेल्थ इन्शुरन्स कोण देतं? करार ९ महिन्यांचा, १० की १२? उन्हाळ्यात खोली सोडावी लागते का?

आता कर. शिकवणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या जीएचा वेव्हर अमेरिकी करकायद्याच्या कलम ११७ खाली करमुक्त असतो. होस्टेल किंवा करिअर सेंटरचं काम यातल्या कशातच बसत नाही. अशा वेळी बरीच विद्यापीठं वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचा वेव्हर करमुक्त धरतात आणि वरचा पगारात मिळवून त्यावर कर कापतात. म्हणजे राज्याबाहेरची महाग ट्युशन माफ झाली, की एखाद्या महिन्याचा स्टायपेंड अचानक रोडावलेला दिसतो. पेरोलला आधीच विचारा. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करविषयक करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे करही कापत नाहीत. कापलं असेल तर परत मागा.

आणखी एक. एफ-१ वर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. जीए स्वतःच २० तासांची असते, त्यामुळे वर लायब्ररीत चार तास वगैरे विसरा. महिन्याचं गणित स्टायपेंडवरच मांडा.

वसतिगृहवासी

हिशेबनीसांना +१. त्यात भर घालते, कारण होस्टेलवाल्या परदेशी मुलांना इथेच फटका बसतो. हॉलचं (होस्टेलचं) ट्रेनिंग बरेचदा जुलैच्या मध्यात सुरू होतं. आपल्याला आय-२० वरच्या (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरच्या) कोर्स सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांहून लवकर देशात येता येत नाही, आणि कॅम्पसवरचं कामही वर्ग सुरू होण्याआधी ३० दिवसांपेक्षा आधी सुरू करता येत नाही. वर्ग ऑगस्टच्या शेवटी असतील तर ट्रेनिंगचा पहिला आठवडा हुकणारच. मुलाखतीत हे आपणहून सांगा. ज्यांनी आधी परदेशी जीए ठेवलेत ते लगेच "ऑनलाइन करून घेऊ" म्हणतात.

मुलाखतींची वेळही नीट बघा. अमेरिकेतल्या ईस्टर्न टाइमचे सकाळचे १० म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुढे जातात, मग तेच साडेसात होतात.

माळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दोन शंका. ऑफरला उत्तर द्यायला किती दिवस मिळतात? समजा आवडत्या प्रोग्रॅमचा निकाल यायचाय आणि दुसरीकडून ऑफर आली तर? आणि पुढे नोकरीचं काय?

वसतिगृहवासी

बरीच विद्यापीठं १५ एप्रिलचा ठराव पाळतात, म्हणजे आर्थिक मदतीच्या ऑफरला तोपर्यंत उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. पण सगळी त्यात नाहीत, आणि काही ऑफिसं तरीही "शुक्रवारपर्यंत सांग" म्हणतात. तेव्हा नम्रपणे विचार, तुमचं विद्यापीठ कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावात आहे का. दुसरीकडे आवडत्या प्रोग्रॅमला लिही की माझ्याकडे एक ऑफर आहे, तुमचा निर्णय कधी कळेल. यात काही उद्धटपणा नाही, ते रोज अशी पत्रं वाचतात.

नोकरीचं: हा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) येत नाही, त्यामुळे ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) १२ महिनेच. जमेची बाजू अशी की विद्यापीठातल्या नोकरीसाठी एच-१बी या वर्क व्हिसाच्या लॉटरीत उतरावं लागत नाही. पण सगळी विद्यापीठं सुरुवातीच्या पदांना व्हिसासाठी स्पॉन्सर करत नाहीत, आणि होस्टेलच्या पदांना तर फारच कमी. त्यामुळे दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकम (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम) ॲडव्हायजिंगमध्ये नाहीतर इंटरनॅशनल ऑफिसमध्ये कर. सीपीटीचा (शिकत असतानाच्या अशा कामाच्या परवानगीचा) कागद काम सुरू करायच्या आधी हातात हवा, प्रॅक्टिकम बिनपगारी असलं तरी आधी डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याला) विचार.

रेझ्युमे तयार झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. 'कमवा आणि शिका'चा परिच्छेद मला आधी वाचायचाय.