जानेवारीतला गाण्याचा कार्यक्रम करावा की नको? कोकणातल्या आयोजकांनी, कलाकारांनी सांगा

पोफळीचा वाडा
नमस्कार मंडळी. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागूनच. देवळाच्या आवारात दरवर्षी जानेवारीत दोन रात्री गाणं असतं, एक रात्र शास्त्रीय आणि दुसरी नाट्यगीतं-भजनं अशी मिसळ. पुण्या-मुंबईहून एखादा मोठा गवई येतो, बाकी साथीदार, निवेदक सगळे इकडचेच. तिकीट नाही, सतरंज्या टाकायच्या आणि बसायचं, खर्च निघतो पावतीपुस्तकावर आणि स्मरणिकेच्या जाहिरातींवर. पण यंदा कोरोना, 2020 चा डिसेंबर निम्मा झाला तरी काही ठरत नाहीये. नाट्यगृहं 5 नोव्हेंबरपासून निम्म्या खुर्च्यांवर उघडली म्हणे, पण आमच्याकडे मुळात खुर्च्याच नाहीत तर निम्म्या कुठल्या मोजायच्या? परवानगीचं विचारायला एका हापिसात गेलं की ते दुसऱ्या हापिसाचं नाव सांगतात.

त्यात 3 जूनला निसर्ग वादळ येऊन गेलं. आमचे खरे देणगीदार म्हणजे वाडीवाले, आणि कित्येकांचे माड-पोफळी आडव्या झाल्यात, नवीन पोफळ लावली तरी सुपारी हातात यायला वर्षं जातात, त्यांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन कुठल्या तोंडाने जायचं? कमिटीत तीन तट पडलेत. मार्चमध्ये ढकला, ऑनलाइन करा, नाहीतर यंदा राहू दे. तुमच्याकडे काय चाललंय?

साउंडवाला चिपळूण
दादा, माझं साउंड आणि जनरेटरचं काम आहे. मार्चपासून सगळा माल गोडाऊनमध्ये. लोकांना वाटतं बंद आहे म्हणजे खर्च नाही, पण कोकणातला पावसाळा काय असतो तुम्हाला माहितीये, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला सगळे ॲम्प काढून तासभर चालू ठेवायचे म्हणजे आतला दमटपणा जातो, तरी केबलच्या पिनांवर हिरवा थर चढलाच, दोन स्पीकरच्या कोनला बुरशी. पोरं होती हाताखाली ती गावी शेतीला गेली, एक जण मासळीच्या टेम्पोवर आहे, तो आता परत येईल असं वाटत नाही.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर पन्नास माणसं असोत की पाचशे, साउंड, मंडप, जनरेटर, गाडीभाडं तेवढंच लागतं. खर्च निम्मा होत नाही, माणसं तेवढी निम्मी होतात. इंग्लंडातल्या ग्लास्टनबरीचं यंदा पन्नासावं वर्ष होतं, एवढा मोठा फेस्टिव्हल, त्यांनीसुद्धा रद्द केला. आपण तर पावतीपुस्तकवाले.

सिस्टर_रत्नागिरी
मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, गाण्याची आवड आहे म्हणून लिहिते, नाहीतर अशा विषयात आम्ही बोललो की लोकांना वाटतं आल्या रडगाणं घेऊन.

मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका समूहगान मंडळाची अडीच तास तालीम झाली. 61 जण होते, त्यातले 53 आजारी पडले आणि दोघे गेले. एकाला सर्दीसारखं होतं, एवढंच निमित्त. मोठ्याने गाताना तोंडातून बारीक कण जास्त बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते हवेत तरंगत राहतात. म्हणून हॉल नकोच. देवळाचं आवार उघडं आहे ही तुमची जमेची बाजू आहे, फक्त थंडी लागते म्हणून चारी बाजूंनी कनाती लावू नका, मग तो हॉलच झाला.

दुसरं, जर्मनीत लाइपझिगला ऑगस्टमध्ये मुद्दाम कॉन्सर्ट करून बघितला, सुमारे 1400 लोक आधी तपासून आत घेतले आणि कोण कोणाच्या जवळ जातं ते यंत्राने मोजलं. गाणं चालू असताना नाही तर आत शिरताना आणि मध्यंतरात जास्त जवळीक झाली. आता तुमच्याकडचं मध्यंतर डोळ्यासमोर आणा. वड्याच्या कढईभोवती सगळं गाव, मास्क हनुवटीवर. आणि समोर बसणारे निम्मे साठीच्या पुढचे. तालुक्याच्या ठिकाणी ऑक्सिजनचे बेड किती असतात हे मी इथे लिहीत नाही.

ठाणेकर चाकरमानी
सरळ ऑनलाइन करा ना. मी गणपतीला आलो तर दहा दिवस शाळेत क्वारंटाइन, बायको म्हणाली परत नाही येणार असं. फेसबुक लाइव्ह लावा, मुंबईतले सगळे बघू, क्यूआर कोड टाका खाली, पैसे आपोआप येतील. उलट प्रेक्षक वाढतील.

डग्गा-तबला
चाकरमानी भाऊ, राग मानू नका पण पैसे आपोआप येत नाहीत. लॉकडाऊनमध्ये अशा बऱ्याच लाइव्हमध्ये वाजवलंय. पहिली पाच मिनिटं बदाम उडतात, "वा वा उस्ताद" येतं, मग आकडा खाली खाली जातो, शेवटी गवयाची बहीण आणि माझा मेव्हणा. मे महिन्यात मी आंब्याच्या पेट्या पोचवून घर चालवलं, तबल्यावर नाही. मोठ्या गवयाचं नाव असतं, शिकवण्या असतात, तो निभावतो. साथीदाराला कार्यक्रम असेल तरच पाकीट.

आणि दोघं दोन घरांत बसून एकत्र गाणं-वाजवणं होत नाही हे कृपया समजून घ्या. आवाज 20-30 मिलिसेकंदांपेक्षा उशिरा पोचायला लागला की लय सुटते. समोरासमोर दहा मीटर लांब बसलं तरी साधारण तेवढाच उशीर होतो, म्हणून तर आम्ही गवयाला चिकटून बसतो. इंटरनेटवर त्याच्या कितीतरी पट. मग काय करतात, गवई आधी रेकॉर्ड करून पाठवतो, मी हेडफोन लावून वाजवतो आणि कोणीतरी जोडतो. सम बरोबर येते पण समेला एकमेकांकडे बघून जे हसू येतं ते कुठून आणणार. आणि आमच्याकडे रेंज माडावर चढल्यावर येते ते वेगळंच.

ढकलायचं म्हणाल तर पूर्वी झालंय. 2009 ला स्वाइन फ्लूमुळे पुण्याचं सवाई गंधर्व डिसेंबरातून 2010 च्या जानेवारीत गेलं होतं. तेव्हा महिन्यावर भागलं. यंदाचा डिसेंबर तर कोरडाच, आणि तारीख द्यायला कोणी तयार नाही.

गाववालो सिंधुदुर्ग
तुमचा बरा हा, वर्षातून दोन राती. आमच्याकडे कार्तिकापासून जत्रा सुरू, त्या जत्रांवर दशावतारी कंपन्या जगतत. यंदा बऱ्याच ठिकाणी देवाचे विधी मानकऱ्यांपुरते, दुकाना नाय, नाटक नाय. डबलबारीचा, म्हणजे भजनाच्या सामन्याचा, तर विचारूच नको, दोन बुवा समोरासमोर आणि रातभर लोक एकमेकांच्या मांडयेर बसल्यासारखे, तिथे कसला सहा फुटाचा अंतर. ओळखीचो एक पेटीवालो आता हायवेच्या कामावर जाता. मोठे फेस्टिव्हल परत उभे रवतीत, त्यांच्याकडे कंपन्यांचे पैसे येतत. पेटीवालो एकदा कामाक लागलो की परत रियाजाक बसात काय?

म्हणून माझा म्हणणा, लहान करा पण करा. लस इंग्लंडात सुरू झाली हा, आपल्याकडे पोचासर अजून किती महिने जातीत कोण जाणे.

पोफळीचा वाडा
सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून काल कमिटीत बोललो. बाहेरचे गवई यंदा नकोत असं जवळपास ठरलंय, त्यांना फोन केला तर ते स्वतःच म्हणाले मला मधुमेह आहे, मीच विचारणार होतो. रात्रीऐवजी संध्याकाळी चार ते सात, एकच दिवस, मंडप नाही, कनात नाही, स्टेज नाही. सतरंज्या नकोत, ज्याने त्याने घरून आसन आणायचं आणि चुन्याने आखलेल्या चौकोनात घरटी बसायचं. एका वेळी एकच गाणारा, समूहगान आणि शेवटचा सामुदायिक गजर बंद. हा गजर बंद करण्यावरून म्हातारी मंडळी जाम चिडलीयेत. वर्गणी मागायची नाही, मागच्या वर्षीची शिल्लक आहे ती तबला, पेटी आणि टाळवाल्यांना मानधन म्हणून द्यायची. परवानगी मिळाली तरच, नाहीतर हेच फेब्रुवारीत.

सिस्टर, वडेवाल्याला नाही म्हणायला कोणी तयार नाहीये. तो दरवर्षी पाचशे एक देतो.

सिस्टर_रत्नागिरी
मग त्याला पुड्या बांधायला सांगा, जाताना घरी न्यायच्या. आणि एकाच वाटेने आत-बाहेर नको. समुद्राकडचं फाटक असेल तर ते पण उघडा.

पोफळीचा वाडा
आहे फाटक. वादळात माड पडला होता त्याच्यावर, अजून तिथेच आहे. या रविवारी कापून घेतो.

साउंडवाला चिपळूण
एक जोडी स्पीकर आणि दोन माइक एवढंच लागेल, गाडीभाडं द्या फक्त, मीच येतो. माइक दोन वेगळे, प्रत्येक गाणाऱ्याला फोम बदलायचा. पण फेब्रुवारीच्या पुढे नेऊ नका, मार्चअखेर शिमगा आहे, तेव्हा माझा माल मोकळा नसतो. म्हणजे, नसायचा.