जखमी वन्यप्राणी रस्त्यावर दिसला तर हात लावायचा की नाही?

आडरान
घाटात किंवा हायवेला चितळ, कोल्हा, उदमांजर जखमी दिसलं की उतरायचं, उचलून गाडीत घालायचं आणि मग ‘आता कुठे नेऊ’ म्हणत दहा ठिकाणी फोन लावायचे, ही पद्धत बंद व्हावी असं माझं मत. फोन करा, लांब उभं राहून राखण करा, वनविभागाचा माणूस येईपर्यंत हात लावू नका. पक्षी असो नाहीतर बिबट्या.

हरणाचंच घ्या. पाय मोडलेलं हरीण बऱ्याचदा मोडलेल्या पायाने मरत नाही, धरल्यामुळे मरतं. चार जणांनी दाबून धरलं की ते जिवाच्या आकांताने झटतं, अंग तापतं, स्नायूंत आम्ल साठतं, स्नायू आतून फुटायला लागतात आणि त्यातला मळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. लघवी काळपट, कॉफीसारखी होते. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. प्राणी कधी तासाभरात जातो, कधी चार दिवसांनी. चार दिवसांनी गेला की उचलणारे म्हणतात, आम्ही जिवंत दिला होता, डॉक्टरांनी घालवला.

पिंपळपार
हरणापुरतं शंभर टक्के मान्य. पण ‘पक्षी असो नाहीतर बिबट्या’ इथे तुमची गाडी घसरली.

रातवा घ्या. हा पक्षी संध्याकाळनंतर तापलेल्या डांबरावर येऊन बसतो, हेडलाइटमध्ये उडत नाही, आणि आरशाचा नुसता फटका बसून बाजूला पडतो. त्याची राखण करायची म्हणजे काय करायचं? पुढचं चाक पाच मिनिटांत येतं, ते नाही आलं तर कुत्रं येतं. वनविभागाची गाडी तालुक्याच्या गावाहून निघणार, तीही आधी कुठे बिबट्याच्या पिंजऱ्याला गेलेली नसेल तर. रातवा, पिंगळा, पोपट, खंड्या यांना खोक्यात घालून अंधारात ठेवणं हीच पहिली मदत आहे, आणि ती कुणालाही जमते.

पुठ्ठ्याचा खोका, पक्ष्यापेक्षा जेमतेम मोठा. फार मोठा घेतला तर तो आत आपटून घेतो. भोकं पेन्सिलीच्या जाडीची, आठ-दहा, खोक्याच्या खालच्या निम्म्या भागात आणि पक्षी आत घालायच्या आधी पाडलेली (लोक नंतर पाडतात!). तळाला जुनं सुती कापड. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. तारेचा पिंजरा तर नकोच, पंखांची पिसं तुटली की बरा झालेला पक्षीही सोडता येत नाही. झाकण बंद, गाडीतलं गाणं बंद, एसीचा झोत खोक्यावर नको. मग १९२६ ला फोन.

मुरमाड
एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६. पशुसंवर्धनाचा, म्हणजे गाई-म्हशींच्या फिरत्या दवाखान्याचा, १९६२. आकडे तेच, जागा बदललेल्या. घाईत लोक १९६२ लावतात, ‘हरीण आमच्याकडे येत नाही’ असं ऐकतात आणि ‘सरकारी यंत्रणा झोपली आहे’ असं लिहून मोकळे होतात. राष्ट्रीय महामार्गावर प्राणी मधल्या लेनमध्ये पडला असेल तर आधी १०३३. गस्तीची गाडी आणि शंकू त्यांच्याकडे असतात, वनविभागाकडे नसतात.

टाकादोरा
दवाखान्याच्या बाजूने सांगते. दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट सुटली आहे : पाणी. निम्म्या केसेसमध्ये मार गाडीचा असतो आणि घात पाण्याचा.

बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या तोंडात बाटलीने पाणी सोडलं की ते श्वासनलिकेत उतरतं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं. ड्रॉपरने चार थेंब घातले तरी ते फुप्फुसाकडे जाऊ शकतात. इलेक्ट्रॉल, ग्लुकोज, दूध, भिजवलेलं बिस्कीट, काही नको. जखमेत हळद चेपू नका. ती धुऊन काढण्यात वेळ जातो आणि खाली हाड उघडं आहे की नाही ते दिसत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाचा दाब, एवढंच, आणि तेही प्राणी चावण्याच्या अंतरावर नसेल तर.

हरणाबद्दल आडरान यांच्याशी सहमत, पण ‘अजिबात हात नको’ हेही पुरेसं नाही. रस्त्यातून हलवावंच लागलं तर डोळ्यांवर गडद कापड सैल टाकायचं, नाकपुड्या मोकळ्या. डोळे झाकले की धडपड निम्मी होते. छातीवर बसतं ठेवा, कुशीवर किंवा पाठीवर पाडू नका. रवंथ करणारा प्राणी आडवा पडून राहिला की पोट फुगतं, पोटातलं घशाशी येतं आणि श्वासात जातं. पाय बांधू नका. आणि ‘शांत हो बाळा’ म्हणत थोपटू नका. त्याच्या लेखी तुम्ही वाघच आहात.

पाठीचा कणा मोडला असेल, मागचे दोन्ही पाय ओढत असेल, तर जागेवर इंजेक्शन देऊन सोडवा असा आग्रह होतो. ते आमच्या हातात नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, प्राणी बरा होण्यापलीकडे गेला असला तरी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. डॉक्टरवर ओरडण्याआधी हे माहीत असावं.

मैलाचा दगड
सगळे प्राण्याबद्दल बोलताहेत, रस्त्याबद्दल कुणीच नाही. रात्री चौपदरीवर उतरून डिव्हायडरकडे पळणारा माणूस हा पुढचा जखमी असतो. गाडी शोल्डरवर (लेनबाहेरच्या कडेच्या पट्टीवर), चारही इंडिकेटर चालू, हेडलाइट डिपर. त्रिकोण मागे निदान पन्नास मीटर. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, पलीकडे ठेवून उपयोग शून्य. माणसं क्रॅश बॅरियरच्या बाहेर. द्रुतगती महामार्गावर थांबायचंच नाही, पुढच्या टोलनाक्यावर सांगायचं.

आणि ठिकाण नीट सांगा. ‘ढाब्याच्या पुढे’ म्हणजे कुठे? किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. मधले छोटे दगड दोनशे मीटरवर असतात. व्हॉट्सअॅपवर करंट लोकेशन पाठवा, लाइव्ह नको. गाडी हलली की तेही हलतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाजू : ‘पुण्याहून नाशिककडे जाणारी लेन’. ही चुकली तर येणाऱ्या गाडीला पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं.

आडरान
पिंपळपार, खोका छान समजावलात. पण कायदा? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या व्याख्येत शिकारीमध्ये ‘पकडणं’ही येतं. उद्या तुमच्या डिकीत खवल्या मांजर सापडलं आणि तुम्ही म्हणालात ‘वाचवायला नेत होतो’, तर चौकीवरचा शिपाई काय समजेल? खवल्यांचा व्यापार करणाराही हेच सांगतो.

पिंपळपार
त्याच कायद्यात कलम ३९ आहे. ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची खबर अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला द्यायची.

आडरान
कलम पुन्हा वाचा. तिथे मेलेला सापडलेला, चुकून मारला गेलेला, बेकायदा शिकार झालेला असे शब्द आहेत. जिवंत जखमी पक्ष्याचं नाव घेऊन दिलेली ती सवलत नाही. ‘दोन दिवस घरी ठेवू, मग बघू’ यासाठी लोक हेच अठ्ठेचाळीस तास पुढे करतात, आणि दोन दिवसांत घुबडाला दूधभात खाऊ घालतात.

पिंपळपार
घरी ठेवण्याचं समर्थन मी केलेलंच नाही. माझा हिशेब तासाभराचा आहे. उचलण्याआधी फोन, फोनवरच्या माणसाचं नाव आणि वेळ लिहून घ्यायची, ‘पिंगळा आहे, खोक्यात घालून अमुक रेंज ऑफिसला आणू का’ असं विचारायचं आणि तोच मजकूर फोटो-लोकेशनसह मेसेजमध्ये टाकायचा. चोर स्वतःच्या चोरीचं लोकेशन पाठवत नाही.

नाकेदार
वरच्या मेसेजवाल्या सूचनेला पाठिंबा. आमच्या, म्हणजे वनविभागाच्या, बाजूची अडचणही समजून घ्या. एकाच रस्त्याच्या कडेला प्रादेशिक विभाग, वन्यजीव विभाग आणि वनविकास महामंडळ अशा तीन हद्दी लागू शकतात. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ऐकून लोक भडकतात, आणि त्यांचा राग योग्य आहे. अशा वेळी भांडू नका, ‘मग कुणाच्या हद्दीत, त्यांचा नंबर द्या’ एवढं विचारा आणि १९२६ वर पुन्हा नोंद करा. तिथे तालुका आणि गाव विचारतात, ते तयार ठेवा.

फोनवर प्राण्याचं नाव येत नसेल तर आकार सांगा : मांजराएवढा, कुत्र्याएवढा, वासराएवढा. उभा राहतो का? मान उचलतो का? कुठून रक्त? यावर ठरतं की पोतं-जाळी घेऊन दोघं निघायचे, की पिंजरा आणि बेशुद्ध करणारा डॉक्टर बोलवायचा. बेशुद्धीचं इंजेक्शन प्रत्येक रेंजमध्ये नसतं. ते पशुवैद्यकच देतो, तो जिल्ह्याहून येतो. बिबट्याला वेळ लागतो तो इथे.

बिबट्या पडलेला असेल तर गाडीच्या काचा वर, पन्नास मीटर लांब, आणि लोकांना लांब ठेवा. ‘मेलाय बहुतेक’ म्हणून शेपटी ओढणारा प्रत्येक गर्दीत एक असतोच. शुद्धीवर येणारा बिबट्या गुरगुरून सूचना देत नाही. जुन्नर भागातला असेल तर पुढे माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात जातो, नागपूरकडचा गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात किंवा सेमिनरी हिल्सच्या उपचार केंद्रात. तुम्ही थेट तिथे नेऊ नका.

फुरसं
सापांचं कुणीच काढलं नाही. पावसाळ्यात रात्री रस्त्यावर घोणस चिरडलेली दिसते. चाक मधून गेलेली घोणस अर्धा तास निपचित पडून चावू शकते. मुंडकं वेगळं झालं तरी काही वेळ चावण्याची क्रिया होते. ‘अजगराचं पिल्लू’ समजून घोणस उचलणारे आहेत. काठीने ढकलू नका, फोटो लांबून झूम करून काढा, सर्पमित्राला पाठवा. वाहतूक थांबवणं हीच मदत. कासव मात्र उचला : दोन्ही हातांनी कडांना धरून, आडवं, ज्या दिशेला चाललं होतं त्याच बाजूला सोडा. परत मागे सोडलं तर ते पुन्हा रस्ता ओलांडायला निघतं. कवच तडकलं असेल तर पाण्यात सोडू नका, खोका.

शेवरी
हे सगळं वरवरचं. मनसर ते खवासा रस्त्यावर, पेंच व्याघ्र प्रकल्पाला लागून, प्राण्यांसाठी नऊ पूल आणि भुयारी वाटा केल्या, सर्वांत लांब ७५० मीटरची. वाघ, रानकुत्री, चितळ खालून जातात. तसं सगळीकडे मागा, खोके कसले गोळा करता!

टाकादोरा
मागूच. पण आज रात्री ताम्हिणीत पडलेल्या सांबराला भुयाराचा उपयोग नाही. शेवरी, मेलेल्या प्राण्याबद्दलही लिहा ना कुणीतरी. मेलेली मादी असेल तर लांबून बॅटरी मारून सडाला दूध दिसतं का बघा. असेल तर पिल्लं जवळच्या झुडपात असतात आणि नाकेदारांना ते लगेच कळायला हवं. वानराचं पिल्लू मेलेल्या आईला चिकटलं असेल तर ओढून काढू नका, टोळी अंगावर येते. धड रस्त्यात राहिलं तर ते खायला कोल्हा आणि घार उतरतात आणि दुसरा अपघात होतो. म्हणून आधी फोटो, मग नाकेदारांना विचारून कडेला.

नाकेदार
बरोबर. पण साळिंदराचा काटा, मोराचं पीस, नखं आठवण म्हणून खिशात घालू नका. मेलेला प्राणीही सरकारी मालमत्ता असतो. आणि कुठल्याही सस्तन प्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी रेबीजची लस. दिवसाढवळ्या डुलत उभा असलेला, अंगावर जखम नसलेला कोल्हा किंवा मुंगूस हा अपघाताचा रुग्ण समजू नका, तो रेबीजचा असू शकतो.

आडरान
ठीक. माझं वाक्य सुधारतो : मुठीत मावणारा पक्षी आणि कासव, फोन करून, खोक्यातून, तासाभरात. बाकी कशालाच हात नाही. मुंगूस नाही, माकड नाही, घुबड नाही.

पिंपळपार
मुंगूस, माकड मान्य. घुबड नाही मान्य. मागून जाड कापड टाकून आधी दोन्ही पाय एका हातात धरायचे, चोच नंतर. घुबड जखम करतं ते नख्यांनी. चोचीला घाबरायचं ते बगळ्याच्या, तो सरळ डोळ्यावर येतो.

आडरान
म्हणजे पहिल्यांदाच घुबड धरणाऱ्या माणसाने अंधारात, हायवेच्या कडेला, हे लक्षात ठेवायचं?

पिंपळपार
मग टोपली पालथी घाला त्यावर, वर दगड ठेवा, आणि नाकेदारांना फोन करा. टोपली गाडीत असतेच असं नाही, हे खरं. पण खोका असतो, तोच पालथा घाला.