मदत हवी आहे: लॅब अॅक्रेडिटेड, पण अहवालावर चिन्हच नाही

सहा दाबमापकं एका लॅबकडून कॅलिब्रेट करून (प्रमाण उपकरणाशी ताडून) घेतली. ग्राहकाने अहवाल परत पाठवला, "अॅक्रेडिटेड लॅबचा द्या" म्हणून.

लॅबने आधी आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट पुढे केलं. ते व्यवस्थापन पद्धतीचं असतं, मोजमापाच्या क्षमतेचं नव्हे, एवढं मलाही कळतं. मग आयएसओ/आयईसी १७०२५ चं, म्हणजे लॅबच्या मोजमाप क्षमतेच्या मान्यतेचं (अॅक्रेडिटेशनचं), आलं. ते मुदतीत आहे. देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहिला, खरा निघाला. संस्था आयलॅकच्या (अशी मान्यता देणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) परस्पर मान्यता करारातही आहे.

घोडं अडलंय ते व्याप्तीच्या यादीत, म्हणजे कोणत्या मोजमापांना कुठपर्यंत मान्यता आहे त्या यादीत. तिथे दाब ७० बारपर्यंतच दिलाय. आमची चार मापकं त्यात बसतात, दोन १०० बारची आहेत. अहवाल मात्र सहांचा मिळून एकच, आणि अॅक्रेडिटेशनचं चिन्ह त्यावर कुठेच नाही. लॅबचं म्हणणं, "काम त्याच पद्धतीने झालंय, चिन्हाचं काय घेऊन बसलात?"

दोन मापकं दुसरीकडे पाठवणारच आहे. पण ऑडिट पंधरा दिवसांवर आलंय, सगळी काढून पाठवणं शक्य नाही. उरलेल्या चारांसाठी, मापकं पुन्हा न पाठवता, जुन्याच नोंदींवरून चिन्हासह वेगळा अहवाल लॅबला देता येतो का? की कॅलिब्रेशनच नव्याने करावं लागतं?