अॅरेचं 'वेष्टन' आणि आतला 'नग': मराठी शब्द कोणते?

शाहूपुरीकर: मार्केट यार्डातल्या गूळ अडतीसाठी सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितोय. 'पट्टी' (विक्रीच्या हिशोबाचा कागद) या क्लासमध्ये 'माल' ही प्रॉपर्टी, म्हणजे 'रवा' (गुळाचा गड्डा) ऑब्जेक्टांचा अॅरे, एकाच प्रकारच्या नोंदींची क्रमवार यादी. नव्या मुलांसाठी मराठीत टिपण करायचंय. अॅरेला 'सारणी' चालेल का? आणि एक्सएमएलमध्ये (माहिती टॅगांत बांधून लिहायची पद्धत) त्याचे बाहेरचा आणि आतला असे दोन टॅग होतात, त्यांना काय म्हणायचं?

राजारामपुरीकर: सारणी नको, टेबल डोळ्यांपुढं येतं. 'रांग' म्हटलं की क्यू. अॅरे अॅरेच राहू दे की. बाहेरच्याला 'वेष्टन', आतल्याला 'नग' म्हणा. 'घटक' टाळा, एक्सएमएलच्या एलिमेंटलाच घटक म्हणतात, मग वाक्यावाक्यात घोळ होतो.

एक्सएमएल-सिरियलायझर (ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये उतरवणारा तयार क्लास) आपणहून वेष्टनाला प्रॉपर्टीचं नाव देतो आणि नगाला क्लासचं: 'माल'च्या आत 'रवा', 'रवा', 'रवा'. वेष्टनाचं नाव बदलायला एक्सएमएल-अॅरे, नगाचं बदलायला एक्सएमएल-अॅरे-आयटम हे अॅट्रिब्यूट, म्हणजे कोडात प्रॉपर्टीवर लावायची खूण. एक्सएमएल-एलिमेंट लावलात तर वेष्टनच जातं, रवे थेट पट्टीखाली येतात. जावा भाषेत हेच काम करणाऱ्या जॅक्सबीत उलटं आहे: मुळात वेष्टन नसतं, हवं असेल तर एक्सएमएल-एलिमेंट-रॅपर लावायचं.

गंगावेशकर: वेष्टन म्हणजे फाडून टाकायचा कागद! गुळाच्या गावात 'थप्पी' म्हणा, पोरांना लगेच कळेल.

राजारामपुरीकर: थप्पी कानाला फार गोड आहे, पण रिकामी थप्पी नसते. रिकामं वेष्टन असतं, आणि इथं त्यालाच अर्थ आहे. अॅरे रिकामा असेल तर फाइलमध्ये रिकामा 'माल' टॅग उमटतो. अॅरे नल असेल, म्हणजे बनवलेलाच नसेल, तर टॅगच नाही. एकात नोंद झाली पण रवा एकही नाही, दुसऱ्यात नोंदच नाही. वेष्टन काढून टाकलंत की दोन्ही फाइली सारख्याच दिसणार. हिशोबात हा फरक पुसला जाऊ देऊ नका. गंगावेशकरांची शंका मात्र रास्त आहे. हे वेष्टन फेकायचं नाही, एवढं टिपणात स्पष्ट लिहा.

शाहूपुरीकर: पटलं, 'वेष्टन' आणि 'नग' पक्के. एक राहिलं. 'रवा'वरून 'ढेप' हा क्लास काढलाय, एक किलोच्या मालासाठी. एकाच वेष्टनात दोन्ही नग बसतील?

राजारामपुरीकर: बसतील. एक्सएमएल-अॅरे-आयटम दोनदा लावा, प्रत्येकात प्रकार आणि नाव द्या. 'ढेप' कुठंच जाहीर केली नाहीत, तर कंपाइल होईल, पण फाइल लिहिताना एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना येणारी चूक) येईल.